"रात्री रिपीट करा": सर्पदंशाची एक रुग्ण आणि आमची ओव्हर

हे प्रकरण कोकणपट्ट्यातल्या एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातलं आहे. कोणी ओळखू येऊ नये इतपत तपशील बदलले आहेत. वेळा मात्र जवळपास तशाच ठेवल्या आहेत, कारण हे सगळं प्रकरणच वेळेचं आहे, आणि ओव्हरचं, म्हणजे ड्यूटी बदलताना पुढच्याला पेशंट सोपवण्याचं. मी त्या युनिटमध्ये लेक्चरर होतो. यात माझाही वाटा आहे, तो ओघात येईलच.

पार्श्वभूमी

मेडिसिनचा बायकांचा वॉर्ड, मंजूर खाटा ४०. भातकापणीच्या दिवसांत लेप्टो, डेंग्यू, सर्पदंश एकदमच येतात. त्या दिवशी गाद्या खाली टाकून ५८ पेशंट होते. युनिटमध्ये दोन जेआर वन (पहिल्या वर्षाचे निवासी डॉक्टर), एक जेआर टू (दुसऱ्या वर्षाचा) आणि एक रजिस्ट्रार, म्हणजे त्यांचा सीनिअर. इंटर्न कधी दोन, कधी एकही नाही.

सहा महिन्यांपूर्वीपर्यंत आमच्याकडे जेआर वन ३६-३६ तास सलग ड्यूटी करायचा. निवासी डॉक्टरांना साधारणपणे दिवसाला १२ तासांपेक्षा जास्त सलग काम देऊ नये, हे केंद्राच्या निवासी योजनेत १९९२ पासून लिहिलेलं आहे. ते कागदावरच होतं. शेवटी आम्ही रात्री आठला माणूस बदलायचं ठरवलं. निर्णय योग्यच होता, आजही त्यात बदल करायची माझी तयारी नाही. पण त्याचा एक परिणाम आमच्या लक्षात आला नाही. ३६ तास जागणारा पोरगा थकायचा, चिडायचा, पण प्रत्येक पेशंटची गोष्ट त्याच्या डोक्यात असायची. माणूस बदलायला लागल्यावर ती गोष्ट रोज दोनदा एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात जायला हवी होती, आणि त्याची सोय आम्ही काहीच केली नव्हती. अमेरिकेत २००३ मध्ये निवासी डॉक्टरांना आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली, तेव्हा तिथेही हाच प्रश्न उभा राहिला होता. आम्ही तो वाचला होता. आपल्या वॉर्डात ओळखला नाही.

सिस्टर लोकांची ओव्हर मात्र वर्षानुवर्षांची. ठरलेलं रजिस्टर, ठरलेली वेळ, खाटेगणिक फिरून दिलेली. डॉक्टरांची ओव्हर म्हणजे काउंटरला टेकून, निम्मं लक्ष मोबाइलवर ठेवून केलेलं बोलणं.

आता त्या चाचणीबद्दल थोडं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. घोणस किंवा फुरसं चावलं की रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. ते तपासायला मोठी लॅब लागत नाही. नवी, कोरडी, स्वच्छ काचेची नळी घ्यायची, त्यात २ मिली रक्त घालायचं, २० मिनिटं हात न लावता उभी ठेवायची आणि मग एकदाच तिरकी करून पाहायची. रक्त वाहिलं तर विषाचा परिणाम आहे. नळी प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असेल तर चाचणी फसते. रक्त गोठत नसेल तर सर्पविषरोधक लसीच्या साधारण १० व्हायल (लहान बाटल्या) देतात आणि सहा तासांनी चाचणी पुन्हा करतात. लशीने विष निष्प्रभ झालं तरी गोठण घटक पुन्हा तयार करायला यकृताला साधारण तेवढा वेळ लागतो, म्हणून सहा तास. त्या आधी केलेल्या चाचणीवरून काही ठरवता येत नाही, आणि उशिरा केली तर तेवढा वेळ विष मोकळं फिरतं.

काय घडलं

चाळिशीची बाई. भाताचे भारे बांधताना सकाळी ११ च्या सुमारास उजव्या हाताला साप चावला. भावाने मोबाइलमध्ये फोटो काढला होता, घोणस. प्राथमिक आरोग्य केंद्रातून १०८ ने आमच्याकडे पाठवलं. सोबतच्या चिठ्ठीवर चावल्याची वेळ, केंद्रात पोचल्याची वेळ, निघाल्याची वेळ आणि तोवर काय दिलं, हे सगळं नीट लिहिलेलं होतं. ती चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. त्या दिवशी या बाईबद्दल लिहिलेला सगळ्यात चांगला कागद तोच होता.

कॅज्युअल्टीत २.१५ ला पोचली. चाचणी केली, रक्त गोठलं नाही. २.५० ला लस सुरू झाली, दहा व्हायल तासाभरात गेल्या. म्हणजे पुढची चाचणी रात्री नऊच्या आसपास. दुपारच्या जेआर वनने (त्याला डॉ. अ म्हणू) भावाला समजावूनही सांगितलं: "नऊ वाजता नळीत परत रक्त बघू."

संध्याकाळी सहाला मी राउंड घेतला. सूज मनगटाच्या वर चढलेली, पण रक्तस्राव कुठेच नाही, लघवी ठीक. मी म्हणालो, "छान, स्टेबल आहे. रात्री रिपीट करा." आणि पुढच्या खाटेकडे वळलो. डॉ. अ ने केस पेपरवर माझे शब्द उतरवले: रिपीट २० डब्ल्यूबीसीटी ॲट नाइट. २० डब्ल्यूबीसीटी म्हणजे तीच वीस मिनिटांची नळीतली चाचणी.

८.१० ला ओव्हर. डॉ. ब नुकतीच आली होती. ५८ पेशंट सांगायला पंचवीस मिनिटं. मध्येच तिचा फोन तीनदा वाजला, तिन्ही वेळा कॅज्युअल्टी. या बाईबद्दलचं वाक्य दोघांनाही नंतर जवळपास सारखंच आठवलं: "तेवीस, घोणस, दहा व्हायल झाल्यात, स्टेबल, रात्री रिपीट आहे."

डॉ. अ च्या मनात "रात्री" म्हणजे नऊ. डॉ. ब ने "रात्री"चा अर्थ घेतला नाइट ड्यूटीत कधीतरी, सकाळच्या सॅम्पलच्या आधी. माझ्या मनात काय होतं ते मला खरंच सांगता येत नाही. वॉर्डात "रात्री" हा शब्द आठपासून सहापर्यंत पसरलेला असतो.

साडेआठला डॉ. ब ला कॅज्युअल्टीत जावं लागलं. थिमेट हे कीटकनाशक प्यायलेला एक तरुण. अशा पेशंटला ॲट्रोपिन देताना दर काही मिनिटांनी छाती ऐकावी लागते, बाहुल्या पाहाव्या लागतात, डोस वाढवावा लागतो. हात सुटत नाही. तो जरा सावरतोय तोवर हार्ट अटॅकचा एक पेशंट आला. ती झोपली नव्हती. हे मुद्दाम लिहितो, कारण दुसऱ्या दिवशी वॉर्डात पहिली कुजबुज तीच होती.

दहा वाजता भावाने इंटर्नला विचारलं, "डॉक्टर, ते नळीतलं रक्त बघणार होते ना नऊला?" इंटर्न म्हणाला, "मॅडम खाली आहेत, आल्या की बघतील." फोन मात्र त्याने केला नाही.

१.४० ला नाइटच्या सिस्टरना दिसलं की हिरड्यांतून रक्त येतंय आणि लघवीच्या पिशवीत लाल रंग उतरलाय. डॉ. ब धावत वर आली, नळी लावली. २.०५ ला रक्त पाण्यासारखं वाहिलं. दुसऱ्या दहा व्हायल लगेच सुरू केल्या. सकाळी आठच्या चाचणीत रक्त गोठलं.

तिसऱ्या दिवशी लघवी कमी झाली, क्रिएटिनीन चढलं, म्हणजे किडनीचं काम मंदावलं. तीन वेळा डायलिसिस करावं लागलं. सोळाव्या दिवशी ती घरी गेली, पुढच्या भेटींत किडनी सावरत गेली. पाच तासांचा उशीर झाला नसता तर डायलिसिस टळलं असतं का? घोणशीच्या दंशात वेळेवर लस मिळालेल्या पेशंटचीही किडनी बसते. तेव्हा "उशिरामुळेच झालं" असं म्हणता येणार नाही. "उशिराचा काही संबंध नव्हता" असं म्हणायचा अधिकार तर आम्हाला मुळीच नाही.

शोध घेताना

पहिली बैठक वाईट झाली. विभागात, सगळ्यांसमोर, डॉ. ब ला उभं करून "तुम्हाला सांगितलं होतं की नाही?" असा प्रश्न विचारला गेला. ती "हो सर" म्हणाली आणि गप्प बसली. अशा बैठकीतून कळतं एवढंच की वॉर्डात सगळ्यात कनिष्ठ कोण आहे.

दोन दिवसांनी मी, रजिस्ट्रार आणि इन्चार्ज सिस्टर असे तिघे केस पेपर, सिस्टरांचं रजिस्टर आणि त्या रात्री हजर असलेल्यांच्या आठवणी घेऊन बसलो. तेव्हा जे दिसलं त्याने मी चाट पडलो. सिस्टरांच्या ओव्हर रजिस्टरमध्ये स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: "खाट २३, ९ वा. रक्त गोठण्याची टेस्ट." नाइटच्या सिस्टरांनी ते वाचलं होतं. नळ्या डॉक्टरांच्या खोलीतल्या कपाटात असतात, चाचणी डॉक्टर करतात, त्यामुळे झाली असेल असं त्यांनी धरलं. म्हणजे नऊची वेळ वॉर्डाच्या रजिस्टरमध्ये होती, सिस्टरना माहीत होती, पेशंटच्या भावाला तर तोंडपाठ होती. जिने चाचणी करायची, फक्त तिच्यापर्यंत ती गेली नाही.

आणखी एक गोष्ट निघाली. डॉ. ब ला साडेबाराच्या सुमारास या पेशंटची आठवण झाली होती. पण गोठलं नाही तर पुढचा डोस स्वतः द्यायचा की विचारायचं, हे तिला ठाऊक नव्हतं. रजिस्ट्रारला मध्यरात्री उठवण्यापेक्षा खालचं आटोपून एकदाच वर जाऊ, असं तिने ठरवलं. हे तिने बैठकीत सांगितलं नाही. चहाच्या टपरीवर, रजिस्ट्रारला सांगितलं.

समोर असलेले पर्याय

मेमो द्यायचा, हा पहिला पर्याय. वरून दबाव तसा होता. मेमोने फाइल बंद होते. पुढच्या रात्री आठला काउंटरवर तेच दृश्य असतं. आम्ही लेखी म्हणणं पाठवलं, त्यात माझ्या राउंडमधलं वाक्यही घातलं. ते घातल्यावर मेमोची घाई जरा मंदावली.

दुसरा, व्हॉट्सॲप ग्रुप. तो होताच. त्यात रिपोर्ट, ईसीजीचे फोटो, रजेचे अर्ज आणि वाढदिवसाचे केक एकाखाली एक वाहत असतात. नऊची गोष्ट त्यात टाकली असती तर साडेनऊला ती वर गेली असती. पेशंटची माहिती अशी खासगी फोनांत साठवणं हा वेगळाच प्रश्न.

तिसरा, संगणकावरची ओव्हर. वॉर्डात एक संगणक, तो सिस्टरांच्या इंडेंटसाठी, म्हणजे औषधं-सामान मागवण्यासाठी. विषय तिथेच संपला.

चौथ्या पर्यायावर सगळ्यात जास्त वेळ गेला. 'आय-पास' नावाची पद्धत आहे: पेशंट किती गंभीर, थोडक्यात हकिकत, करायच्या गोष्टींची यादी, काय बिघडू शकतं आणि बिघडलं तर काय, आणि शेवटी घेणाऱ्याने ऐकलेलं स्वतःच्या शब्दांत परत सांगणं. अमेरिका आणि कॅनडातल्या नऊ बालरुग्ण विभागांत केलेला तिचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. १०,७४० पेशंटच्या नोंदींत वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोगी इजा ३० टक्क्यांनी घटलेली दिसली. ओव्हरचा वेळ वाढला नाही. पेशंटमागे साधारण अडीच मिनिटं.

रजिस्ट्रारने तिथेच मोबाइलवर हिशेब केला. अडीच गुणिले अठ्ठावन्न, एकशे पंचेचाळीस मिनिटं. रोज दोनदा. "सर, ओव्हर संपेपर्यंत ड्यूटी संपेल." हसण्यावारी नेलं, पण आमच्या निर्णयाचा मुद्दा तिथे सापडला. परदेशातली पद्धत जशीच्या तशी आणली तर ती पहिल्याच आठवड्यात गळून पडणार. ५८ जणांना पुरेल एवढा वेळ नाही. मग कोणाला द्यायचा?

काय केलं

ज्यांच्या बाबतीत पुढच्या बारा तासांत काही ठरलेल्या वेळी करायचं आहे किंवा काही बिघडेल अशी धास्ती आहे, तेवढेच पेशंट वेगळे काढायचे. जेआर वनने त्यांच्या खाट नंबरापुढे डोळ्याचं चित्र काढायला सुरुवात केली, म्हणून त्यांचं नाव पडलं "डोळ्यातले पेशंट". साधारण सहा ते आठ. बाकीच्यांची ओव्हर एकेका वाक्यात, काउंटरवर. डोळ्यातल्यांची मात्र खाटेपाशी जाऊन.

छापील फॉर्म केले, ते दहा दिवसांत संपले आणि पुन्हा छापून येईनात. मग बाजारातून लांबट रजिस्टर आणलं. पाच रकाने आखले: खाट, काय झालंय, किती वाजता काय, झालं नाही तर काय, घेणाऱ्याची सही. तिसऱ्या रकान्यात घड्याळातला आकडाच लिहायचा. रात्री, सकाळी, नंतर, थोड्या वेळाने हे शब्द चालणार नाहीत. "स्टेबल"ही बंद. त्याऐवजी बीपी किती, लघवी किती, शुद्ध कशी ते लिहा. पहिल्या आठवड्यात "स्टेबल" शब्द सगळ्यात जास्त वेळा माझ्याच तोंडून निघाला आणि इंटर्नने तो मोजला.

चौथा रकाना सर्वांत मोलाचा ठरला. घोणशीच्या पेशंटसाठी तिथे असं लिहितात: "९ वा. रक्त गोठलं नाही तर ॲड्रिनलिन भरून जवळ ठेवून परत १० व्हायल सुरू करा. आधी सुरू, मग रजिस्ट्रारला फोन." (ॲड्रिनलिन लशीची रिॲक्शन आली तर लागतं.) म्हणजे निर्णय संध्याकाळी, सीनिअर समोर असताना झालेला असतो. मध्यरात्री दीडला नव्या पोरीला तो एकटीने घ्यावा लागत नाही, आणि फोन करताना परवानगी मागितल्यासारखं वाटत नाही. डॉ. ब ने हा रकाना स्वतः सुचवला.

वेळेबद्दल इन्चार्ज सिस्टरशी बरीच खेचाखेच झाली. आठला दोघांच्याही ओव्हर एकदम चालायच्या. आमची साडेआठला घ्यायची आणि डोळ्यातल्या पेशंटपाशी नाइटच्या सिस्टरनी उभं राहायचं, असं मी म्हणालो. त्यांचं म्हणणं, साडेआठ म्हणजे औषधांची वेळ, माझी एकच सिस्टर असते, ती तुमच्यामागे फिरली तर इंजेक्शनं कोण देणार? बरोबरच होतं. शेवटी तोड निघाली ती अशी: ८.१५ ला, दहा मिनिटांच्या वर नाही, आणि सिस्टर स्वतःचं रजिस्टर घेऊन येतील. दोन्ही रजिस्टरांतल्या वेळा तिथल्या तिथे जुळवायच्या.

त्या दहा मिनिटांत जेआरचा फोन इंटर्नकडे. कॅज्युअल्टीला तसं कळवलं होतं. सुरुवातीला ते रागावले. पेशंट जिवावर असेल तर इंटर्न लगेच हाक मारतो हे दिसल्यावर निवळले.

घेणाऱ्याने परत सांगायचं, हे सगळ्यात अवघड गेलं. आपल्याकडे सीनिअरचं बोलणं ऐकून मान डोलवायची सवय. परत म्हणून दाखवणं म्हणजे शाळेत धडा म्हणल्यासारखं. पाणबुड्यांवरही हुकूम ऐकणारा तो परत म्हणून दाखवतो, हे सांगून पाहिलं. फारसा उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो रजिस्ट्रारने स्वतः, माझ्यासमोर, जेआर वनकडून ओव्हर घेऊन परत सांगितली तेव्हा. त्यात त्याची एक चूक निघाली, आणि जेआर वनने ती दुरुस्त केली.

निष्पत्ती

एक प्रसंग सांगतो. मण्यार चावलेला मुलगा, संध्याकाळी पापण्या थोड्या जड. मण्यारीच्या विषाने स्नायू लुळे पडतात, श्वासाचेही. आमच्या युनिटच्या पुरुषांच्या वॉर्डातही तोवर तसंच रजिस्टर सुरू झालं होतं. चौथ्या रकान्यात होतं: "दर तासाला एका श्वासात आकडे मोजायला लावा; २० पर्यंत पोचला नाही तर आयसीयू." अकराला तो अठरावर थांबला. शेजारी बसलेला त्याचा काका त्याच्याबरोबर मोजत होता, त्यानेच सिस्टरना हाक मारली. ट्यूब घालायची वेळ आली तेव्हा मुलगा आयसीयूत होता.

पण सगळं असंच चाललं असं नाही. तिसऱ्या आठवड्यात मी ओव्हरला जायचं थांबवलं आणि रजिस्टर सहा वाजताच भरून ठेवलेलं दिसू लागलं. सहाची लघवी, सहाचं बीपी. डोळ्यातल्यांची यादीही फुगली, आठाची वीस झाली, कारण कोणालाच "तू हा वगळलास" असं ऐकून घ्यायचं नव्हतं. यादीत वीस डोळे म्हणजे एकही डोळा नाही. मग नियम केला: आठच्या वर गेले तर रजिस्ट्रारने स्वतः वॉर्डात येऊन कोणाला काढायचं ते ठरवायचं. यादी आपोआप आखडली.

काय सुधारलं हे आकड्यांत सांगता येत नाही. बदलाआधी किती चाचण्या वेळेवर व्हायच्या, ते आम्ही कधी मोजलंच नव्हतं. "आता बरं आहे" हे आमचं मत, आणि ते मत असणारे आम्हीच.

पुन्हा करायचं झालं तर

आधी पंधरा दिवस फक्त मोजलं असतं. जुन्या केस पेपरांतून दुसऱ्या चाचणीची वेळ काढायला एक इंटर्न आणि दोन दुपारी पुरल्या असत्या.

ती पहिली बैठक घेतलीच नसती. डॉ. ब नंतर चार दिवस रजेवर गेली. परत येईल की नाही याची आम्हाला खात्री नव्हती. साडेबाराची ती गोष्ट टपरीऐवजी बैठकीत ऐकायची असती, तर सुरुवात मी माझ्या वाक्याने करायला हवी होती.

आणि भाऊ. त्याला आम्ही पाचव्या दिवशी, डायलिसिसच्या संमतीपत्रावर सही घेताना, चाचणीला उशीर झाल्याचं सांगितलं. तो म्हणाला, "मला माहीत आहे, साहेब. मी घड्याळ बघत होतो." हे त्याला पहिल्याच सकाळी सांगायला हवं होतं. आता डोळ्यातल्या पेशंटच्या माणसालाही वेळ सांगतो, आणि तेवढ्यात डॉक्टर आले नाहीत तर कोणाला हाक मारायची तेही सांगतो. काही सहकाऱ्यांना हे पटत नाही. नातेवाईक डोक्यावर बसतील म्हणतात. एकदा एक जण बसलाही. तरी चालू ठेवलंय.

इंटर्नबद्दलचा प्रश्न अजून सुटलेला नाही. ते दर थोड्या दिवसांनी बदलतात, फोन त्यांच्याकडे असतो, आणि नव्याला कोणी सांगितलं नाही तर तो पुन्हा "मॅडम आल्या की बघतील" म्हणतो. रविवारी संध्याकाळी तर इंटर्नच नसतो. त्या दिवशी जेआरचा फोन वाजतच राहतो, आणि सोमवारी रजिस्टर उघडलं की चौथा रकाना बहुतेक वेळा कोरा सापडतो.